हिरवं कुणी ओतलं?

दस्तगीर शिकलगारनं स्क्रू ड्रायव्हर कूलंटच्या टाकीत बुडवला आणि वर काढून आमच्यापुढं धरला. टोकाला चिंचेच्या कोळासारखं तपकिरी, चिकट काहीतरी लोंबत होतं.

“ह्यात हिरवं कुणी वतलं?” त्यानं विचारलं.

मलकापूरच्या त्या गॅरेजात आम्ही तिघं उभे होतो आणि तिघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलो. मी, माझा धाकटा भाऊ शैलेश आणि आमचे वडील, आप्पा. आई तेवढी बाहेर बाकावर फराळाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. गाडी शैलेशची. परदेशी कंपनीची, काळीभोर, आमच्या गल्लीत शिरली की समोरच्या माणसाला ओट्यावर चढायला लावणारी.

“मी तर सिंगापूरला असतो,” शैलेश म्हणाला.

“आणि मी इस्लामपूरला,” मी म्हटलं. दिवाळीला माहेरी आलेल्या बाईनं उगाच संशयात कशाला राहायचं?

राहिले आप्पा.

“माझ्याकडं काय बघताय?” आप्पा म्हणाले. “ह्या गाडीला गुलाबी लागतं. मी हिच्यात हिरवं वतीन? येडा हाय का मी?”

दस्तगीरचे वडील आप्पांच्या ट्रकांचे मिस्त्री होते, त्यामुळं आप्पांशी वाद घालायची रीत त्या घरात नव्हती. त्यानं स्क्रू ड्रायव्हर फडक्याला पुसला आणि शैलेशला समजावून सांगितलं, “दादा, गुलाबी एका जातीचं, हिरवं दुसऱ्या जातीचं. येकएकटं असलं की दोन्ही चांगली. पण एकत्र केली की फाटतात, दुधात लिंबू पिळल्यागत. मग हे असं घट्ट होतं, बारीक नळ्यांत जाऊन बसतं, अन् इंजिनाला थंडावा मिळत न्हाय. आज थोडक्यात वाचलं. आणि थोडं हाणली असती तर हेड गेलं असतं.”

“हाणली न्हाय ना,” आप्पा म्हणाले. “मी थांबवली.”

ते मात्र खरं होतं. सकाळी आम्ही पाटणला निघालो होतो. तिथं आईची थोरली बहीण, अक्कामावशी, अंथरुणाला खिळलेली. आईआप्पा दर रविवारी तिच्याकडं जायचे. आई डबा घेऊन आणि आप्पा गाडी घेऊन. हा रविवार नव्हता, पण दिवाळीचा फराळ पोचवायचा होता आणि शैलेशला मावशीला भेटायचं होतं, म्हणून चालवायला तो बसला होता. शेजारी आई, मागं आप्पा आणि मी. सुपन्याच्या पुढं गेलो आणि समोरच्या तबकडीवर इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला. शैलेश म्हणाला, पाटण आलंच आहे, हळूहळू जाऊ. मागून आप्पांचा हात त्याच्या खांद्यावर पडला. “थांबव. आत्ता. हितंच.”

गाडी बाजूला घेतली. शैलेश उतरून पुढं गेला आणि काचेतून आईला ओरडला, “आई, तुझ्या पायाशी एक खटका आहे बघ, तो ओढ. बॉनेट उघडायचंय.” त्या गाडीचा तो खटका ड्रायव्हरच्या बाजूला नसून डावीकडं होता. आईनं वाकून काहीतरी ओढलं आणि सीटसकट मागं सरकून माझ्या गुडघ्यांवर आली. फराळाची पिशवी तिनं तेवढ्यातही सोडली नाही. दुसऱ्यांदा ओढलं तर पाठ टेकायचा भाग आडवा झाला आणि आई छताकडं बघत म्हणाली, “उज्जू, मला उठव गं बाई.” मी हसत सुटले. शेवटी आप्पांनीच उतरून, दार उघडून, तिच्या पायाजवळून हात घालून खटका ओढला. मग पुढं जाऊन बॉनेटच्या फटीत बोटं घालून आतली दुसरी कळ बाजूला केली. ती कुठं आहे हे शैलेशलासुद्धा आठवत नव्हतं. टाकीच्या झाकणाकडं शैलेशचा हात गेला तसा आप्पांनी मनगट धरलं. “गरम हाय. तोंड भाजून घेशील.” मग दस्तगीरला फोन केला आणि त्यानं गाडी ओढून गॅरेजात आणली.

असे आप्पा. आता त्यांच्यावर आळ आला होता.

आप्पांचे एके काळी ट्रक होते. कुंभार्ली घाटातून चिपळूणला माल जायचा आणि घाटमाथ्यावर गाड्यांना पाणी पाजायला थांबावंच लागायचं. इंजिन तापणं म्हणजे काय हे आप्पा पुस्तकातून शिकले नव्हते, त्यापायी रात्री रस्त्यावर काढल्या होत्या. खंडेनवमीला सगळे ट्रक धुऊन ओळीनं उभे राहायचे. झेंडूच्या माळा, नारळ सगळं व्हायचं, पण आमच्याकडं एक रीत जास्तीची होती. क्लीनर बॉनेट उघडून द्यायचा आणि आई कोयनेच्या संगमावरून आणलेलं पाणी तांब्यानं प्रत्येक रेडिएटरमध्ये घालायची. वर्षाचं पहिलं पाणी घरच्या बाईच्या हातचं. मग गाडी घाटात तापत नाही असं आप्पा म्हणायचे. पुढं ट्रक विकले, शेतातला ट्रॅक्टर तेवढा राहिला. रीतही ट्रॅक्टरवर आली.

आणि मग शैलेशची ही गाडी आली. बदली झाली तेव्हा तो म्हणाला, आप्पा, उभी राहिली तर खराब होईल, तुम्हीच फिरवा. आप्पांना दुसरं काय हवं होतं? सत्तरी ओलांडलेला माणूस सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गाडी पुसायला जायचा. पहिल्याच खंडेनवमीला आई सवयीनं तांब्या घेऊन आली, तर आप्पांनी तिला थांबवलं. “हिला पाणी चालत न्हाय. हिचं पथ्य येगळं.” तेव्हापासून आई चाकांवर पाणी घालून हळदकुंकू वाहायची आणि घरात जायची.

दस्तगीर म्हणाला, “आतलं सगळं काढतो, साफ पाण्यानं धुतो, मग नवीन भरू. कूलंट तेवढं आणून द्या. माझ्याकडं ट्रकांचंच हाय.”

बाजारपेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात आम्ही गेलो. आई गॅरेजातच थांबली. मालकानं गाडीचं नाव ऐकल्यावर काउंटरवर भराभर डबे मांडले. हिरवा, निळा, तांबडा, गुलाबी. रंगपंचमीचं दुकान वाटावं असा देखावा झाला. शैलेशनं त्यातला सगळ्यात भारी, बाहेरच्या देशातून आलेला डबा उचलला. त्याचं सगळं तसंच. चपला घ्यायच्या तरी तो आधी पेटी बघतो.

“हा द्या,” तो म्हणाला. “गुलाबीच आहे.”

“इकडं आण,” आप्पांनी हात पुढं केला. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचू लागले. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याचा फॅनबेल्ट घेऊन गेलं, तरी आप्पा वाचतच होते.

“हा न्हाय,” ते म्हणाले.

“आप्पा, रंग तोच आहे.”

“रंगावर काय जातोस? झेंडू पिवळा दिसला म्हणून त्याची हळद करशील का? रंग ज्याचा त्यानं घातलेला असतोय. ह्या कंपनीचं गुलाबी येगळं, त्या कंपनीचं येगळं. गाडीच्या पुस्तकात जो नंबर छापलाय तो डब्याच्या पाठीवर पायजे.” आणि त्यांनी तो नंबर, इंग्रजी अक्षरांसकट, तोंडपाठ म्हणून दाखवला.

शैलेशनं फोनवर शोधून बघितलं. नंबर बरोबर होता. तो डोळे बारीक करून आप्पांकडं बघत राहिला. कौतुकही होतं त्यात आणि दुसरंही काहीतरी.

मालकानं आतून एक साधासा डबा आणला. त्यावर तो नंबर होता. तरी आप्पांचं संपेना. “हे तयार हाय का दाट?”

“दाट आहे आप्पा. निम्मं पाणी घालायचं.”

“मग डिस्टिल्ड पाण्याचे कॅन पण द्या. न्हायतर दस्तगीर बोअरचं घालंल. बोअरच्या पाण्यानं बंबात कसा थर बसतोय, तसा आत बसंल.”

मला बापाचा अभिमान वाटला. साफ सांगते, छाती फुगली माझी. शैलेशच्या कानात मी म्हटलं, “बघितलंस? ह्या माणसानं हिरवं ओतलं असेल का?”

“मग कुणी ओतलं, ताई?” तो म्हणाला. त्याच्या आवाजात चिडणं नव्हतं, त्यामुळंच ते मला लागलं.

कारण मलाही गेल्या काही दिवसांत थोडं थोडं दिसत होतं. वसुबारसेला आप्पांनी कुंभार्लीतल्या धुक्याची गोष्ट सांगितली होती आणि भाऊबीजेला पुन्हा पहिल्यापासून, तशीच, पहिल्यांदा सांगितल्यासारखी सांगितली. दस्तगीरच्या वडिलांचं नाव घेताना ते अडले आणि आईनं पोळ्या लाटता लाटता सांगितलं, “खुदबुद्दीन.” इतक्या सहज, की अडले होते हे कुणाला कळूही नये. आई त्यांची वाक्यं पुरी करत होती. मी म्हटलं, म्हातारी माणसं, चालायचंच.

डबा आणि पाणी दस्तगीरकडं देऊन आम्ही रिक्षानं घरी आलो. जेवणं झाली आणि शैलेश मागच्या पडवीतल्या खोलीत गेला. ट्रॅक्टरचं सामान, तेलाचे डबे सगळं आप्पा तिथं ठेवायचे. तो बाहेर आला तो दोन्ही हातांत एकेक डबा घेऊन. एक गुलाबी, भरलेला; तो घरात आहे हे दुकानात आप्पांना आठवलं नव्हतं. दुसरा हिरवा, ट्रॅक्टरसाठी आणलेला. तो जवळपास रिकामा होता.

“माळ्यावर होते,” तो म्हणाला. “शेजारी शेजारी.”

“ट्रॅक्टरात घातलं आसंल,” आप्पा म्हणाले.

“ट्रॅक्टर गणेशोत्सवापासून दुरुस्तीला गेलाय आप्पा. तुम्हीच फोनवर सांगितलं होतंत.”

आप्पांनी त्या डब्याकडं बघितलं. मग शैलेशकडं. मग परत डब्याकडं. पाहुणा घरात आला आहे पण ओळख पटत नाही, असं ते बघणं होतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

“मी न्हाय वतलं,” ते म्हणाले. पण गॅरेजातला जोर त्यात नव्हता.

शैलेश त्यांच्यासमोर खाली बसला. “आप्पा, मी भांडत नाही. कूलंटचं काय, धुतलं की गेलं. पण उद्या ब्रेकच्या जागी दुसरं काही दाबलं गेलं तर? शेजारी आई असते. गाडी मी पुण्याला मित्राकडं ठेवतो. मावशीकडं जायला ड्रायव्हरवाली गाडी लावून देतो दर रविवारी. किल्ली द्या माझ्याकडं.”

मुलगा वाईट नव्हता. मी त्याच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं, फक्त इतकं नीट म्हणता आलं नसतं. पण आप्पांच्या हाताकडं मी बघत होते. किल्ली त्यांच्या खिशात होती आणि हात खिशावर नुसता ठेवलेला होता. ट्रक विकले तेव्हा ह्या माणसानं हूं की चूं केलं नव्हतं. आता मात्र तो हात खिशावरून निघत नव्हता. त्यांना गाडी जाण्याचं दुःख नव्हतं. स्वतःच्या मुलानं, स्वतःच्या घरात, ‘तुमचा भरवसा नाही’ असं म्हटलं होतं.

“मी वतलं,” आई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती.

“काय?”

“हिरवं मी वतलं रं. खंडेनवमीला. हे आंघोळीला गेले होते. मी पूजा केली, टाकीत बघितलं तर कमी वाटलं. म्हटलं, पोराची गाडी, पोरगं दिवाळीला येणार, ह्यांनी नीट ठेवली न्हाय म्हणंल. कूलंट ते कूलंट. हाताला लागलं ते घातलं.”

शैलेश आ वासून बघत राहिला. “आई! अगं मग सकाळपासून गप्प का बसलीस?”

“भ्याले की. दस्तगीर काय काय सांगायला लागला, हेड जातंय, नळ्या जात्यात. म्हटलं आता काय खरं न्हाय. गुमान बाकावर जाऊन बसले.” आणि ती इतकी ओशाळली, की शैलेशला हसूच फुटलं. मलाही. खोलीतली हवा एकदम हलकी झाली. शैलेशनं आईला चांगलं फैलावर घेतलं. कशाकशात हात घालतेस, कुणी सांगितलं होतं, अमुक आणि तमुक. आई मान खाली घालून ऐकत होती. मग तो आप्पांकडं वळला आणि त्यांचा हात खिशावरून उचलून आपल्या हातात घेतला. “आप्पा, चुकलो. किल्ली राहू द्या तुमच्याकडंच.”

आप्पा आईकडं बघत होते. पुष्कळ वेळ बघत होते. आईनं तेवढ्यात “चहा टाकते” म्हणून पाठ फिरवली.

गाडी दुसऱ्या दिवशी मिळाली. दस्तगीरनं आप्पांना टाकी दाखवली. आत स्वच्छ गुलाबी, खुणेला बरोबर टेकलेलं. आप्पांनी बोटानं टाकी ठोकली, वास घेतला आणि मान हलवली. शैलेशला विमान गाठायचं होतं, तो संध्याकाळच्या बसनं पुण्याला गेला. जाताना आईच्या पाया पडला आणि म्हणाला, “आता कशात काही ओतू नकोस बाई.” आई म्हणाली, “न्हाय बाबा, कानाला खडा.”

रविवारी आम्ही राहिलेला फराळ घेऊन पाटणला निघालो. आप्पा चालवायला. आई म्हणाली, मला मागं ऐसपैस बसू दे, म्हणून त्यांच्या शेजारी मी. आप्पा छान चालवत होते. कुठं घाई नाही, कुठं चूक नाही. ऊस तोडायला आलेल्या टोळ्यांच्या बैलगाड्यांना त्यांनी मागून हॉर्न दिला नाही, बैल बुजतात म्हणून. डाव्या हाताला कोयना अधूनमधून दिसत होती. मी मनात म्हटलं, शैल्या उगाच घाबरला.

मल्हारपेठ मागं पडलं आणि रस्त्याकडंच्या एका मोठ्या वडाखाली आप्पांनी गाडी उभी केली.

“का थांबलो?” आईनं विचारलं.

“पाणी बघतो जरा.”

“बघा बाई. मला मेलीला त्यातलं काय कळतंय?” आई म्हणाली आणि पिशवीतल्या लाडवांचे डबे नीट लावू लागली.

आप्पा उतरले, वळसा घालून माझ्या बाजूला आले. दार उघडून वाकले आणि माझ्या पायाजवळचा खटका ओढला. “चल, दाखवतो तुला,” म्हणाले. मी त्यांच्यामागं गाडीच्या पुढं गेले. त्यांनी फटीत बोटं घातली, आतली कळ सरकवली आणि बॉनेट उचललं. ते वर गेल्यावर मागं बसलेली आई आम्हाला दिसेनाशी झाली.

टाकीत सगळं ठीक होतं. ते मलाही कळत होतं.

“उज्जू,” आप्पा टाकीकडं बघतच हळू आवाजात म्हणाले, “तुझ्या आईला बॉनेट उघडता येत न्हाय.”

मला एकदम ती आडवी झालेली सीट आठवली आणि तिच्यावर छताकडं बघत पडलेली आई आठवली. आणि माळा आठवला. गुडघ्यांमुळं आई पाटावरसुद्धा चढत नव्हती.

“मला आठवत न्हाय बघ,” आप्पा म्हणाले. “खरंच न्हाय आठवत. लई आठवून बघितलं. पूजा केली ते आठवतं. नारळ फोडला ते आठवतं. मला वाटलं दस्तगीरच्या पोरांनी घातलं आसंल, दुसऱ्या कुणी आसंल. शैलेश म्हणाला तवापण मला वाटलं न्हाय. पण ती म्हणाली की मी वतलं, तवा कळलं. ती उगाच कशाला खोटं बोलंल? तिनं मला वतताना बघितलं असणार.”

एक ट्रक शेजारून गेला आणि वडाची पानं हलली. आप्पांचे डोळे भरले होते, पण आवाज साधा होता. बाजारातून काय आणायचं हे सांगावं तसा.

“तिला सांगू नको मला कळलंय म्हणून,” ते म्हणाले. “तिनं एवढं पोराचं बोलून घेतलं माझ्यासाठी. वाया जाईल.”

आणि त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

बॉनेट त्यांनी स्वतः बंद केलं. दोन्ही हातांनी दाबून, नीट बसलं का ते बघून. मग मागचं दार उघडून ते आईशेजारी जाऊन बसले. जन्मात हा माणूस गाडीत मागं बसला असेल तर शैलेश चालवत होता त्या दिवशी, आणि तेव्हाही सगळा रस्ता पुढं वाकून बघत होता. आज ते पाठ टेकून बसले.

“काय झालं?” आई म्हणाली.

“डोळ्यावर ऊन येतंय. उज्जू चालवंल.”

“बरं झालं,” आई म्हणाली. “हे धरा. चकलीचा डबा हलतोय सारखा.”

आप्पांनी डबा मांडीवर घेतला. मी आरशातून बघितलं तर दोघं दोन बाजूंच्या खिडक्यांतून बाहेर बघत होते आणि मधे आईचा हात आप्पांच्या हातावर होता. पाटणला अक्कामावशीनं विचारलं, आज लेकीनं आणलं वाटतं? आप्पा म्हणाले, “व्हय, आता तीच आणणार.”

त्यानंतर आप्पांनी गाडी चालवली नाही. कुणी काढून घेतली नाही, त्यांनीच ठेवली, असं सगळ्यांना वाटलं आणि ते खरंही होतं. शैलेशला मी एवढंच कळवलं की आप्पांना आता मागं बसायला आवडतं. रविवारी मला जमेल तेव्हा मी इस्लामपूरहून यायची, नाही जमलं तर दस्तगीर स्वतः चालवून न्यायचा.

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम गेले. तोवर आप्पांचं बरंच मागंपुढं व्हायला लागलं होतं. मला ते मधूनच आत्याच्या नावानं हाक मारायचे. पण गाडी त्यांनी सकाळी स्वतः पुसली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी झेंडूची माळ बांधली. आई संगमावरचं पाणी तांब्यात घेऊन आली, तसे आप्पा लगबगीनं पुढं झाले.

“चाकावर घाल,” ते आईला दरडावून म्हणाले. “चाकावर. आत न्हाय घालायचं. गेल्या साली काय करून ठेवलंस, म्हाईत हाय न्हवं? हिरवं वतलंस. गाडी जात होती पोराची.”

मी चमकून त्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं, ते हळूच माझ्याकडं बघतील, वडाखालच्या बोलण्याची काही खूण करतील. त्यांनी बघितलं नाही. ते आईवर खरोखरच चिडले होते. का चिडल्याचं सोंग करत होते, का त्यांना आता तसंच आठवत होतं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही.

आईनं मात्र डोक्यावरचा पदर सावरला, चारी चाकांवर पाणी घातलं आणि मान खाली घालून म्हणाली, “चुकलंच माझं. परत न्हाय करणार.”